गावच्या दगडावर नावे कोरा: ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सरपंच, नगराध्यक्ष, ग्रामपंचायत व नगरपंचायतींचे सदस्य आणि ग्रामसभांचे सर्व सभासद,
सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड जिल्हे.

विषय: सैनिकी सेवेत मरण पावलेल्या गावकऱ्यांची नावानिशी यादी तयार करून ती गावात कोरून लावण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

सातारा शहराजवळचे अपशिंगे हे गाव महाराष्ट्राला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण कामी आले आणि त्याची खूण म्हणून इंग्रज सरकारने तेथे स्मृतिशिला बसवली. शिरोळ तालुक्यातील टाकळीने तर ‘सैनिक’ हा शब्द आपल्या नावातच घेतला. स्वातंत्र्यदिन जवळ आला की वर्तमानपत्रे या दोन गावांची आठवण काढतात, आणि त्यात वावगे काहीच नाही. हे पत्र मात्र त्या दोन गावांसाठी नाही. ज्यांची बातमी कधी होत नाही, पण ज्यांच्या चावडीत, शाळेच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत तसाच एखादा संगमरवरी तुकडा भिंतीत बसवलेला आहे, त्या गावांसाठी हे लिहीत आहे. जेथे असा दगड कधी आलाच नाही, पण ज्या गावची माणसे फौजेत गेली आणि परतली नाहीत, त्या गावांनाही हे तितकेच लागू आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर पंजाबात आणि आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात अशा पाट्या ठिकठिकाणी लावण्यात आल्या. त्यांचा मजकूर साच्यातून काढल्यासारखा आहे: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक दोन आकडे तेवढे बदलायचे. आमच्या गावची पाटी जुन्या चावडीच्या दर्शनी भिंतीत आहे. दर पावसाळ्यानंतर भिंतीला चुना लागतो, अलीकडे डिस्टेंपर लागतो, आणि रंगारी पाटीच्या कडा सांभाळत असला तरी ब्रशचा फटकारा अक्षरांवरून जातोच. कोरलेल्या अक्षरांत थरावर थर बसत गेल्याने दुसरा आकडा आता बोट फिरवूनच वाचावा लागतो. मात्र पाटी उद्या घासूनपुसून लख्ख केली तरी तीवर वाचायला मिळेल तो आकडाच. गेलेला माणूस कोणाचा कोण, कोणत्या वाडीचा, कोणत्या पलटणीत होता आणि कोठे मेला, यातले काहीही तो दगड सांगत नाही.

हा अपुरेपणा एका गावापुरता नाही. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात लढली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे मोठी हानी सोसून हे सैन्य मागे हटले आणि कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडले. १४७ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात अन्न संपले, घोडी कापून खाण्याची वेळ आली, ते मांस खायला तयार नसलेले अनेक हिंदी शिपाई उपासमारीने आणि स्कर्व्हीने खंगत गेले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करल्यावर उरलेल्यांपैकी कित्येक जण कैदेतल्या पायपिटीत वाळवंटातच संपले. आपल्याकडच्या जुन्या घरांतून ‘आमचा एक आजोबा बसऱ्याला गेला तो गेलाच’ असे जे सांगितले जाते, त्याच्या मागे बहुधा हीच मोहीम असते.

या मोहिमेतील मृतांसाठी पुढे बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके’ एवढीच ओळ आली. म्हणजे चावडीच्या भिंतीत आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडा. ही स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ साली स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात आशिया व आफ्रिकेतील मृतांना समान वागणूक दिली गेली नसल्याचे मान्य केले आहे. त्या अहवालानुसार ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण दुजाभावाने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नावानिशी स्मरण झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही. आयोगाने यासाठी माफीही मागितली. एका जुन्या साम्राज्याची संस्था शंभर वर्षांनी का होईना एवढे कबूल करते, तर आपल्या ग्रामपंचायतींनी चावडीतील आकड्यापुढे नावे लिहिण्याचे काम हाती घ्यायला काय हरकत आहे?

दिल्लीकडे बोट दाखवून हे काम टळत नाही. इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, पण त्यांत प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेले सैनिक आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची नावे आहेत आणि ती तेथे आहेत ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही दोन्ही महायुद्धांत मेलेला आपल्या डोंगरातल्या वाडीचा शिपाई या दोन्ही ठिकाणी सापडण्याची शक्यता थोडीच. शिवाय १९६२, १९६५ किंवा १९७१ साली गेलेल्या जवानाचे नाव दिल्लीच्या ग्रॅनाइटवर असले, तरी त्याच्या शाळेत जाणाऱ्या पणतूला ते रोज दिसत नाही.

नावे आता कोठून मिळणार, असा प्रश्न आपण विचाराल. ती बऱ्याच प्रमाणात मिळतात, आणि या पत्राचा मुख्य भाग तोच आहे. वर उल्लेखिलेल्या आयोगाची नोंद आज संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. भिंतीवर ज्यांची नावे आली नाहीत असे बसऱ्याचे शिपाईदेखील तीत सापडतात. बऱ्याच नोंदींत शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गाव-तालुका-जिल्हा दिलेला असतो. अडचण असते ती लिहिण्याची. इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे गावाचे नाव रोमन लिपीत उतरवले, त्यामुळे ‘वाडी’, ‘वडे’ आणि ‘वाडा’ यांची सरमिसळ झाली, ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि आडनावे ओळखू येईनाशी झाली. दिल्लीतील किंवा मुंबईतील कोणी तज्ज्ञ हे कोडे सोडवू शकणार नाही. ते सोडवील तो गावातला, जुन्या वाड्यांची आणि भावक्यांची नावे तोंडपाठ असलेला माणूस. अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून घाई आहे.

दुसरी अडचण जिल्ह्यांची. नोंदीत ‘सातारा’ लिहिलेले असेल तर तो शिपाई आजच्या सांगली जिल्ह्यातला असू शकतो, कारण वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. ‘रत्नागिरी’ म्हटलेल्या कित्येक गावांचा १९८१ पासून सिंधुदुर्ग झाला आहे, आणि ‘सावंतवाडी स्टेट’ किंवा ‘कोल्हापूर स्टेट’ अशी नोंद असेल तर ती वेगळीच शोधावी लागते. सहाही जिल्ह्यांना उद्देशून हे पत्र एकत्र लिहिण्याचे कारण हेच. सांगलीच्या गावाने साताऱ्याच्या यादीत पाहिले नाही, तर त्याची माणसे कोणाच्याच यादीत येणार नाहीत.

तिसरा मार्ग तर तलाठी कार्यालयातच आहे. परदेशात मेलेल्या शिपायाची नोंद गावच्या कोतवाल बुकात मृत्यू म्हणून सापडेलच असे नाही, जन्माची कदाचित सापडेल. पण त्याच्या नावावर गुंठाभर जरी जमीन असेल, तर त्याच्या मरणानंतर वारसांची नोंद झाली असणार, आणि जुन्या फेरफारात ‘खातेदार लढाईत मयत’ अशा अर्थाचा शेरा मोडीत किंवा बाळबोधीत मिळू शकतो. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत. त्यांना ग्रामपंचायतीने मानधन देऊन बोलवावे. स्वातंत्र्योत्तर काळासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि बेळगाव, सागर आदी ठिकाणची पलटणींची अभिलेख कार्यालये आहेत. मात्र वीरपत्नी वारली आणि पेन्शन थांबली की त्या घराचा सरकारी कार्यालयाशी असलेला धागाही बहुधा तुटतो. म्हणून कार्यालयाच्या यादीवर विसंबून न राहता घरोघर जाऊन विचारणे भाग आहे.

घरांत काय सापडते याचे एक उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धातील प्रत्येक मृत सैनिकाच्या वारसाला कांस्याची एक चकती पाठवण्याची पद्धत होती. तिचा व्यास साधारण १२ सेंटिमीटर, तीवर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि सिंह, आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मृताचे पूर्ण नाव. आमच्या गावी एका घराच्या देवघरात टाकांच्या शेजारी अशी एक चकती आहे. पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहिल्यामुळे अक्षरांच्या कडेने लाल पिंजर घट्ट बसली आहे आणि त्यामुळे नाव उलट अधिक स्पष्ट वाचता येते. त्या चकतीवर हुद्दा नाही. मरणात सर्व समान, म्हणून कोणाच्याच चकतीवर हुद्दा घालायचा नाही असे तेव्हा ठरवले गेले होते. त्याच साम्राज्याने बसऱ्याच्या भिंतीवर मात्र हुद्दा पाहूनच नाव द्यायचे की आकडा हे ठरवले, हा विरोधाभास नमूद केल्याशिवाय राहवत नाही. अशा चकत्या, तसेच कडेवर क्रमांक, नाव व पलटण कोरलेली पदके आपल्या गावांतही असतील. काही मोडीत गेली असतील. उरलेली विकत घेऊ नका, मागू नका, पंचायतीच्या कपाटात आणून ठेवू नका. त्यांचा फोटो घ्या, मजकूर उतरवून घ्या आणि वस्तू ज्या देवघरातली आहे तेथेच राहू द्या.

आता यादीत कोणाला घ्यावे याविषयी. हा प्रश्न आज सोपा वाटला तरी ग्रामसभेत यावरूनच वाद होतील. लढाईत गोळी लागून पडलेला जवान यादीत असणार, यात शंका नाही. पण हिमस्खलनात गाडला गेलेला, सरावात किंवा वाहन दरीत कोसळून मेलेला, छावणीत आजारपणाने गेलेला, यांचे काय? सरकारी लाभांसाठी या वर्गवारीला अर्थ आहे. गावाच्या दगडावर ती आणण्याचे कारण मला दिसत नाही. पहिल्या महायुद्धापुरते पाहिले तर ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना कोणत्याही कारणाने मरण आलेला सैनिक युद्धमृतांत धरला गेला, मग तो तोफेने मेला असो की तापाने. आपणही सेवेतील मृत्यू एवढीच कसोटी ठेवावी. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांतील जवानांनाही तीच लागू करावी.

त्याच न्यायाने फौजेबरोबर गेलेले खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर यांचीही नावे हवीत. आणि कोकणापुरते बोलायचे तर खलाशांची. मुंबईत मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. खाडीकाठच्या मुस्लिम मोहल्ल्यांतून आणि भंडारी-खारवी वाड्यांतून बोटीवर गेलेल्यांच्या कहाण्या आजही ऐकू येतात. त्यांच्या घरी ना पदक आहे ना चकती. विचारणारा कोणी त्या दारापर्यंत गेला तरच त्यांची नावे कळतील.

येथेच एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. दगड एकच असावा. महार शिपायांची परंपरा कंपनी सरकारच्या काळापासूनची. पुढे त्यांची भरती बंद झाली तेव्हा महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्या बंदीविरुद्ध अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ सालची. ज्यांना भरती होण्यासाठी अर्ज करावे लागले आणि गरज संपताच घरी पाठवण्यात आले, त्यांची नावे गावाने बौद्धवाडीतल्या वेगळ्या फलकावर लावली, तर तो तिसरा अपमान ठरेल. नावे मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने लावावीत. हुद्द्याने नकोत, आडनावाने नकोत आणि वाडीने तर नकोतच.

एखाद्याला मोठे पदक मिळाले की इतर झाकोळले जातात, हाही अनुभव आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले तेव्हा २२ वर्षांचे होते. पन्नास यार्डांवरून मशिनगनचा मारा होऊन तुकडीतले इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे त्या मोर्चावर धावले. हातबॉम्बने मशिनगन व ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला सवड नसल्याने बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडीचे शिल्प उभारले. हे सारे उचितच आहे. परंतु त्यांच्या पुढेमागे जी तुकडी पडली, त्यांतल्या किती जणांची नावे त्यांच्या त्यांच्या गावी कोरलेली आहेत? परक्या मुलखातले एक लहान गाव आपल्या शिपायाचे नाव दगडावर घालते, मग आपण त्याच्या सोबत्यांची नावे शोधायला हवीत.

‘ते इंग्रजांचे चाकर होते, त्यांचे स्मारक कशाला’ हा आक्षेप ग्रामसभेत येईलच. तो उडवून लावण्यासारखा नाही. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमधील युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी युद्धातील सहकार्याला स्वराज्याच्या मागणीची जोड दिली, गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडवले आणि टिळक सभा सोडून निघाले. म्हणजे हा वाद त्या पिढीनेच घालून ठेवला आहे. पण महिना ११ रुपये पगारासाठी, दुष्काळात घर चालावे म्हणून नाव नोंदवणाऱ्या शिपायाला त्या परिषदेचे बोलावणे नव्हते. यादी करणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे, आपल्या घरातून गेलेला माणूस कोठे संपला हे लिहून ठेवणे होय. ज्यांना ‘वीर’ किंवा ‘हुतात्मा’ हे शब्द येथे नको वाटतात त्यांनी ते घालू नयेत. नाव, गाव, पलटण, तारीख, ठिकाण एवढे पुरे आहे.

२०२३ साली ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत गावोगावी शिलाफलक बसले. त्यांवर गावातील वीरांची नावे असावीत अशी मूळ कल्पना होती. आमच्या गावच्या फलकावर घोषवाक्य आहे, तारीख आहे, आणि नावांच्या जागी सर्व ज्ञात-अज्ञात वीरांना वंदन केले आहे. यादी मागितली तेव्हा ‘वेळेत फलक लागणे महत्त्वाचे होते’ असे उत्तर मिळाले. शोधलेच नाही तर सगळेच अज्ञात राहतात. आपल्याकडे वीरगळांची परंपरा जुनी आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांबरोबरचा प्रवास, वर शिवपूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र. बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही, त्यामुळे देवळामागे रांगेने उभे असलेले ते वीर कोण हे आज कोणालाच सांगता येत नाही. त्या काळी लिहिणारे थोडे होते. आज ती सबब राहिलेली नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे हा विषय घ्यावा आणि पाच-सात जणांची समिती नेमावी, जीत एक माजी सैनिक, एक शिक्षक, प्रत्येक वाडीतले एक जाणते माणूस आणि कॉलेजात जाणारी दोन मुले असावीत. संगणकावरची शोधाशोध मुलेच करतील. आधी कमान, चबुतरा किंवा पुतळा यांचा ठराव करू नये, कारण बांधकामाला निधी मंजूर झाला की यादी मागे पडते. मिळालेली नावे कच्च्या यादीच्या रूपाने महिनाभर पंचायतीच्या फलकावर आणि मुंबई-पुण्याच्या ग्रामस्थ मंडळांकडे ठेवावीत, हरकती आणि भर मागवावी, आणि प्रत्येक नावापुढे ते कशावरून घेतले याची नोंद पंचायतीच्या वहीत राहावी. घरच्यांनी नको म्हटले तर तारीख-ठिकाणाचा तपशील गाळावा. त्यानंतरच दगड घडवावा. अक्षरे देवनागरीत आणि खोल कोरलेली असावीत, रंगवलेली नकोत. फ्लेक्स तर मुळीच नको. खाली जागा मोकळी सोडावी, कारण उशिरा सापडणारी नावे येत राहतील. जुनी इंग्रजी पाटी असेल तर ती काढू नये. तिच्यावरचा चुना खरवडून ती नव्या दगडाच्या शेजारी ठेवावी, म्हणजे आकडा आणि नावे जुळतात की नाही हे कोणालाही मोजून पाहता येईल.

एखादे नाव दोन गावांनी आपले म्हणून सांगितले, आणि जन्मगाव एक, शेतजमीन दुसरीकडे असे असेल तर तसे होणारच, तर दोन्ही गावांनी ते खुशाल कोरावे. आमच्या पंचायतीकडेही हाच अर्ज मी लेखी दिला असून, नोंदी वाचण्याची व जुनी गावनावे जुळवण्याची पद्धत ज्या ग्रामसभेला समजून घ्यायची असेल तिच्यापुढे येऊन ती सांगण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एका माजी सैनिकाचा मुलगा